बेक्ड बीन्स : साखर डब्यात असते, दाण्यात नव्हे

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच निघाला. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिघांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून गेल्या वर्षी त्यांना मधुमेहाचे निदान झाले. आमचा मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला आहे. तो सुटीवर येताना बेक्ड बीन्सचे डबे घेऊन येतो आणि सकाळी टोस्टवर घालून खातो. यजमानांनाही ते फार आवडले. "हे तर कडधान्यच आहे, उलट पोह्यांपेक्षा बरे," असे त्यांचे म्हणणे. मात्र अर्धा डबा आणि दोन टोस्ट खाऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासले तेव्हा साखर २३० आली. हा पदार्थ घरी, साखर न घालता करता येईल का? आमच्याकडे लहान ओटीजी आहे.
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तुमच्या यजमानांचे म्हणणे दाण्यांपुरते खरे आहे, रश्श्यापुरते नाही. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या अन्नाने रक्तातील साखर किती चढते याची तुलना करणारा ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, तेव्हा त्या पहिल्याच यादीत कडधान्ये सर्वांत खालच्या गटात होती. राजम्यातले पिठूळ सत्त्व दाण्याच्या चिवट पेशींमध्ये कोंडलेले असते, सोबत तंतू आणि प्रथिने असतात, त्यामुळे ते सावकाश पचते आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. हा गुण दाणा अख्खा असेपर्यंतच पुरता टिकतो, ही गोष्ट पुढे कृतीत लक्षात ठेवावी लागेल.

डब्यात मात्र दाण्यांभोवती गोड टोमॅटोचा रस असतो. ब्रिटिश पद्धतीच्या साध्या डब्यात दर १०० ग्रॅममागे साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर असते. तिथला नेहमीचा डबा ४१५ ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्ध्या डब्यातून सुमारे दोन चहाचे चमचे साखर पोटात जाते. अमेरिकी पद्धतीच्या डब्यांत ती याहून बरीच जास्त असते, कारण बोस्टनच्या मूळ पदार्थातच उसाच्या मळीचा काळसर पाक घालण्याची रीत आहे. चवीने तो आपल्या काकवीच्या जवळचा. आता तुमच्या ताटाचा हिशेब पाहा. अर्ध्या डब्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके, दोन पांढऱ्या टोस्टमधून आणखी २५ ते ३० ग्रॅम, आणि सोबत साखरेचा चहा असेल तर तो वेगळाच. त्या सकाळच्या २३० मध्ये बीन्सपेक्षा टोस्टचा वाटा कमी नव्हता, असे माझे मत आहे. एका दिवसाच्या एका आकड्यावरून कोणत्याही पदार्थाला दोषी ठरवू नये हेही खरे, कारण रात्रीची अपुरी झोप किंवा चुकलेली गोळी यांनीही तो आकडा वर जातो.

घरी करताना पहिला प्रश्न दाण्याचा येतो. डब्यात असतो तो बारीक पांढरा घेवडा. तो आणि आपला राजमा ही एकाच वनस्पतीची भावंडे आहेत. बारीक दाणा न मिळाल्यास पांढरा राजमा घ्यावा, तोही नसेल तर चित्रा राजमा चालतो. इतवारीतून किंवा गोकुळपेठेतून घ्या, परंतु जिथे माल भराभर खपतो अशाच दुकानातून घ्या, कारण दोन-दोन वर्षे पोत्यात पडून राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी आतून खडूसारखा राहतो आणि आपण उगाच कुकरला दोष देत बसतो.

चार वाट्यांसाठी २०० ग्रॅम, म्हणजे घरातल्या वाटीने साधारण दीड वाटी दाणे भरपूर पाण्यात आठ ते दहा तास भिजवावेत. नागपूरच्या मे महिन्यात हे भांडे ओट्यावर ठेवू नका. पाणी फेसाळते आणि आंबूस वास येतो, म्हणून त्या दिवसांत ते फ्रिजमध्येच ठेवावे. भिजवलेले पाणी टाकून द्यावे, दाणे दोनदा धुवावेत, ताज्या पाण्यात घालून दहा मिनिटे खळखळ उकळावेत आणि वर आलेला फेस काढून टाकावा. त्यानंतर कुकरमध्ये एक शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी आणि मग आच मंद करून पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे. दाणा दोन बोटांत दाबला असता सहज चेपला पाहिजे, पण त्याचे साल फाटता कामा नये. घरी बोअरचे पाणी असेल तर शिजवण्यासाठी पिण्याचे पाणी वापरा, कारण जड पाण्यातले कॅल्शियम दाण्याला मऊ होऊ देत नाही. सोडा घालण्याचा मोह होतो, पण त्याने दाण्याचा लगदा होतो आणि सोडियमही वाढते.

इथे एक चूक हटकून होते. वेळ वाचावा म्हणून अनेक जणी टोमॅटो कुकरमध्येच घालतात. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा टणकच राहतो. बोस्टनचे बीन्स भट्टीत तासन्‌तास राहूनही अख्खे दिसतात ते याच कारणाने, कारण त्या पाकातली आम्लता, साखर आणि कॅल्शियम दाण्याला फुटू देत नाहीत. आपण साखर घालणार नाही, म्हणून आधी दाणा पुरता मऊ करायचा आणि मगच तो टोमॅटोच्या हवाली करायचा, हा क्रम पाळावा.

आता रश्श्याविषयी, कारण साखर काढून घेतल्यावर जी पोकळी राहते ती इथेच भरून काढायची आहे. टोमॅटो केचअप वापरू नका. त्यात जवळपास पाव भाग साखर असते, म्हणजे डबा परवडला अशी गत होईल. पिकलेले लाल टोमॅटो ४०० ग्रॅम घेऊन अर्धे चिरा आणि ओटीजीत १८० अंशांवर अर्धा तास, कडा किंचित काळपट होईपर्यंत भाजा. भाजल्याने त्यांतले पाणी उडते आणि त्यांची अंगची गोडी दाट होते. मग साल काढून मिक्सरमधून फिरवून घ्या. जाड बुडाच्या कढईत एक मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून घाला आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे परता. ही पंधरा मिनिटे वाचवू नका. आपल्याकडे फोडणीचा कांदा तीन मिनिटांत गुलाबी करून पुढे जाण्याची घाई असते. इथे तो मऊ, सोनेरी आणि जॅमसारखा व्हायला हवा, कारण पदार्थातली निम्मी गोडी तोच देणार आहे. त्यानंतर लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्धा चमचा मोहरीची पूड, अर्धा चमचा मिरपूड आणि पाऊण चमचा मीठ घाला. तिखट भिवापुरी मिरचीचे घेतलेत तर अर्ध्या चमच्यात काम होते. सावजीचा मसाला घालून पाहण्याची इच्छा नागपूरकराला होणारच, पण त्याने पदार्थाचा रस्सा होतो, बेक्ड बीन्स होत नाहीत.

गोडी अजून कमी वाटली तर किसलेले गाजर ५० ग्रॅम याच वेळी परतावे. गाजराचे दिवस नसतील तेव्हा लाल भोपळा, ज्याला आपल्या भागात कोहळे म्हणतात, तेवढाच किसून घालावा. चार वाट्यांत वाटला गेल्यावर त्याचा साखरेवर होणारा परिणाम नगण्य असतो. टोमॅटोचा रस घालून उकळी आली की दाणे आणि कुकरमधले वाटीभर पाणी त्यात घाला. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लावू नका. दोन मोठे चमचे दाणे चमच्याच्या पाठीने चेचून त्यात मिसळले की रस आपोआप दाट होतो. त्याहून जास्त चेचू नका, कारण अख्ख्या दाण्याचा सुरुवातीला सांगितलेला फायदा त्याने कमी होतो.

हे सगळे काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून झाकण लावावे आणि ओटीजीत १५० अंशांवर पाऊण तास, मग झाकण काढून पंधरा मिनिटे ठेवावे. बाहेर काढल्यावर एक चहाचा चमचा व्हिनेगर घालावे. ओटीजी नसेल तरी काही अडत नाही. डब्यातले बीन्ससुद्धा नावापुरतेच बेक्ड असतात, ते प्रत्यक्षात डबा बंद केल्यावर वाफेच्या उष्णतेने शिजतात. जाड कढई तव्यावर ठेवून, झाकण घालून अगदी मंद आचेवर चाळीस मिनिटे ठेवली आणि मधूनमधून गरम पाण्याचा हबका दिला की तेच साधते. धुरकट वास हवा असेल तर शेवटी निखाऱ्यावर थेंबभर तेल टाकून दोन मिनिटे धुरी द्यावी.

अशा एका वाटीत सुमारे ५० ग्रॅम कोरडे दाणे येतात. त्यांतून जवळपास २५ ग्रॅम कर्बोदके, ८ ग्रॅम तंतू आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि कांदा-टोमॅटोची चार-पाच ग्रॅम कर्बोदके त्यात धरावीत. याचा अर्थ असा की हा पदार्थ भाजी नसून ताटातला पोळी-भाताचा वाटेकरी आहे, आणि हीच गोष्ट घराघरांत विसरली जाते. बीन्सची वाटी घेतली तर सोबत दोन टोस्ट नकोत. ज्वारीची अर्धी भाकर किंवा फार तर एक टोस्ट, एक उकडलेले अंडे किंवा थोडे पनीर आणि वाटीभर काकडी-मुळ्याची कोशिंबीर, वर हिरवा सांबार म्हणजे कोथिंबीर, एवढे पुरे. ब्राऊन ब्रेडच्या रंगावर विसंबू नका, पाकिटावरचे घटक वाचा, कारण पुष्कळदा त्यात पहिले नाव मैद्याचेच असते.

पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर तपासा, आणि हे निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करून आकडे वहीत टिपा. जेवणानंतर १८० च्या आत असावे असे उद्दिष्ट सर्वसाधारणपणे सांगितले जाते, परंतु तुमच्या यजमानांसाठी त्यांच्या डॉक्टरांनी दिलेला आकडाच ग्राह्य धरावा. दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्याव्यात. ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर नाश्त्यातली कर्बोदके एकदम कमी केल्याने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, म्हणून बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर राजमा आणि टोमॅटो या दोहोंतही पोटॅशियम भरपूर असल्याने किती खायचे हे विचारल्यावाचून ही वाटी सुरू करू नका.

प्रश्न : मी हाच पदार्थ साखरेऐवजी दोन मोठे चमचे गूळ घालून करते. गूळ नैसर्गिक असल्याने सासूबाईंच्या मधुमेहाला चालतो, असे सगळे सांगतात. खजूर किंवा मध घातला तर अधिक चांगले का? शुगर-फ्रीच्या गोळ्यांविषयीही लिहावे.
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : गूळ चालत नाही. हे वाक्य कुणालाच आवडत नाही याची मला कल्पना आहे. गुळाचा फार मोठा भाग साखरच असते, आणि त्यातले लोह मोजायला जावे तर चमचाभर गुळातून मिळणारे लोह नाव घेण्याइतकेही नसते. दोन मोठे चमचे गुळातून २५ ग्रॅमच्या आसपास साखर त्या भांड्यात जाते, म्हणजे तुम्ही घरी डबाच तयार केला, फक्त त्यावर लेबल नाही. मध आणि खजुराची कथा वेगळी नाही. खजुरात तंतू असतात हे मान्य, पण इथे ते राजम्यातून आधीच मिळत आहेत.

कृत्रिम गोडव्यांपैकी ॲस्पार्टेम दीर्घकाळ तापवल्यावर विघटित होऊन त्याची गोडी जाते, त्यामुळे भट्टीत जाणाऱ्या पदार्थाला ते निरुपयोगी. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज घालायचेच असेल तर पदार्थ उतरवल्यावर चिमूटभर घालावे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत अशी शिफारस केली, परंतु ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, असे त्याच मार्गदर्शनात नमूद आहे. तरी माझा कल न घालण्याकडेच आहे, कारण जिभेची गोडाची मागणी त्याने शिल्लक राहते.

त्यापेक्षा नागपूरकरांना सुचेल असा एक उपाय सांगते. संत्रे गरम पाण्याने चोळून धुवावे आणि त्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी थर बारीक किसणीवर किसून अर्धा चमचा घालावा. आतला पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. या किसात साखर जवळजवळ नसते, पण त्याच्या वासाने जीभ फसते आणि पदार्थ गोडसर वाटू लागतो. आंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे आपल्याकडे संत्री वर्षातून दोनदा येतात, तेव्हा कीस काढून बर्फाच्या कप्प्यात साठवता येतो.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज घेतो. राजमा खाल्ला की पोट फुगते आणि चारचौघांत अवघडल्यासारखे होते. बरबटीचे बीन्स केले तर चालतील का?
– एक वाचक, महाल

उत्तर : गुरुजी, बरबटी अगदी चालेल. आपल्याकडे बरबटी म्हणजे बाहेर ज्याला चवळी म्हणतात ती, असे इतर भागांतल्या वाचकांसाठी नमूद करते. ती राजम्यापेक्षा लवकर शिजते, चार तास भिजवली तरी पुरते आणि दाणा बारीक असल्याने दिसायलाही डब्यातल्या बीन्सच्या अधिक जवळ जाते. कुकरमध्ये मंद आचेवर आठ-दहा मिनिटांहून अधिक ठेवू नका, नाहीतर तिची पिठले-वजा आमटी होईल.

पोट फुगण्याचे कारण दुहेरी आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात, ज्या पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. व्होग्लिबोजचे कामच मुळी पिठूळ पदार्थांचे पचन लांबवण्याचे आहे, त्यामुळे न पचलेला आणखी काही भाग त्याच जीवाणूंना मिळतो. म्हणून भिजवलेले पाणी न चुकता टाकावे, पहिला आठवडा दोन-तीन चमचेच खावेत आणि मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत जावे. आतडे सरावते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. हिंग आणि ओवा फोडणीत जरूर घाला, चव चांगलीच येते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. त्रास राहिला तर वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : परदेशी कृती वाचून मी रात्रभर भिजवलेला लाल राजमा थेट स्लो कुकरमध्ये मंद आचेवर आठ तास ठेवला. दाणे मऊ झाल्यासारखे वाटले, पण खाल्ल्यावर दोन-तीन तासांत घरातल्या तिघांना उलट्या झाल्या. टोमॅटो खराब असतील का? आणि उरलेले बीन्स किती दिवस टिकतात?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : संशय टोमॅटोवर घेऊ नका. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते खळखळ उकळल्यानेच नष्ट होते, आणि ८० अंशांच्या खाली रेंगाळत शिजवले तर त्याचा विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या व्हायला पुरतात, आणि खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत त्रास सुरू होतो. तुमच्या घरी घडले ते या वर्णनाशी जुळते. पहिल्या उत्तरात दहा मिनिटे उकळायला सांगितले आहे ते याचसाठी. कुकरमध्ये तापमान शंभराच्या पुष्कळ वर जात असल्याने तिथे ही भीती राहत नाही. स्लो कुकर वापरायचा असेल तर दाणे आधी साध्या कुकरमध्ये पूर्ण शिजवून घ्या आणि त्यात फक्त रसात मुरवण्याचे काम करा. राहिलेले बीन्स टाकून द्या.

व्यवस्थित शिजलेले बीन्स फ्रिजमध्ये तीन दिवस आणि वाटीवाटीने डबे भरून बर्फाच्या कप्प्यात दोन महिने राहतात. थंड होऊन पुन्हा गरम केलेल्या दाण्यातल्या पिठाचा थोडा भाग आणखी सावकाश पचणारा होतो, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी शिळे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात मात्र हा पदार्थ दुपारच्या डब्यात देऊ नका. द्यायचाच झाला तर उकळता गरम करून थर्मासच्या डब्यात भरा, आणि डबा तसाच परत आला तर त्यातले संध्याकाळी कुणाला वाढू नका.